नकाशावरचे अंतर, तिकिटावरचे तास

दूरच्या विमानप्रवासाबद्दल आलेले बरेचसे प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते, म्हणून या वेळी ते एकत्र घेतले आहेत. अंतर एका गणिताने निघते. वेळ मात्र वारा, हवाई हद्दी आणि घड्याळ मिळून ठरवतात. गोंधळ होतो तो बहुधा ही दोन्ही गणिते एकत्र केल्यामुळे.

प्रश्न : लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर एका ठिकाणी ३,४५१, दुसरीकडे ५,५५४, तिसरीकडे ५,५७० आणि एका तक्त्यात चक्क २,९९९ दिले आहे. खरे कोणते मानायचे?

चारही खरे आहेत. ३,४५१ हे साधे मैल, ५,५५४ हे किलोमीटर आणि २,९९९ हे सागरी मैल. तिन्ही आकडे हीथ्रो ते केनेडी या दोन विमानतळांमधल्या एकाच अंतराचे आहेत. ५,५७० मात्र शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंत मोजलेले किलोमीटर आहेत.

साधा मैल १.६०९ किलोमीटरचा, सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक सागरी मैल वापरतात, कारण तो अक्षांशाच्या एका मिनिटाएवढा असतो. एक अंश म्हणजे ६० सागरी मैल, त्यामुळे नकाशावर हिशेब सोपा पडतो. विमान कंपन्या प्रवाशांना बक्षीस म्हणून देतात ते ‘माइल्स’ मात्र मुळात साध्या मैलांवर बेतलेले होते. एकक लिहिलेले नसेल तर दोन आकड्यांचा भागाकार करून पाहा. उत्तर १.६१ आले तर किलोमीटर आणि मैल, १.८५ आले तर किलोमीटर आणि सागरी मैल, १.१५ आले तर मैल आणि सागरी मैल.

दहा-पंधरा किलोमीटरचा फरक उरलाच, तर तो पृथ्वीच्या आकारामुळे असतो. पृथ्वी पूर्ण गोल नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या सुमारे ६,३७८ किलोमीटर आहे, ध्रुवांकडे ६,३५७. काही गणकयंत्रे सरासरी ६,३७१ धरून गोलाचे गणित करतात, काही चपटेपणा धरून. फरक फार तर अर्ध्या टक्क्याचा येतो. विमान १५ किलोमीटर एका मिनिटात कापते, तेव्हा त्यावर डोके शिणवू नये.

प्रश्न : संकेतस्थळावर विसंबून न राहता हे अंतर स्वतः काढता येईल का? संगणकावर स्प्रेडशीट वापरता येते.

येईल, आणि एकदा सूत्र भरून ठेवले की पुढे फक्त आकडे बदलायचे. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश दशांश अंशांत घ्या. उत्तर आणि पूर्व धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. मग :

(पहिल्या अक्षांशाचा साइन × दुसऱ्याचा साइन) + (पहिल्याचा कोसाइन × दुसऱ्याचा कोसाइन × रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन)

जे उत्तर येईल त्याचा व्यस्त कोसाइन घ्या. तो कोन रेडियनमध्ये (कोन मोजण्याचे दुसरे एकक) असेल तर ६,३७१ ने गुणा, अंशांत असेल तर १११.२ ने. झाले किलोमीटर.

पडताळ्यासाठी हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम आणि केनेडी ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम घ्या. रेखांशांतला फरक ७३.३३ अंश. पहिला कंस ०.५०९५ येतो, दुसरा ०.१३५६, बेरीज ०.६४५१. तिचा कोन ४९.८३ अंश, म्हणजे ५,५४० किलोमीटर. चपटेपणा धरून येणाऱ्या ५,५५४ पेक्षा हे १४ किलोमीटरने कमी आहे, पण पडताळा म्हणून पुरेसे.

चुका तीनच होतात, पण त्या पुन्हा पुन्हा होतात. पहिली : स्प्रेडशीटमधली साइन-कोसाइनची फलने रेडियन मागतात आणि आपण अंश देतो. उत्तर येते, पण ते काहीच्या काही असते. अंशांना आधी १८० ने भागून ‘पाय’ने (π, म्हणजे ३.१४१६) गुणा. दुसरी : ४० अंश ३८ मिनिटे हे ४०.३८ असे भरणे. ३८ मिनिटे म्हणजे ०.६३ अंश. या एका चुकीने विमानतळ २८ किलोमीटर सरकतो. तिसरी : पश्चिम रेखांशाचे ऋण चिन्ह विसरणे. ही सगळ्यांत फसवी. न्यूयॉर्कचे चिन्ह विसरलात तर ते थेट किरगिझस्तानात जाऊन पडते. पण लंडन शून्य रेखांशाला खेटून असल्यामुळे उत्तर ५,६०० च्या आसपास येते आणि संशयही येत नाही. म्हणून सूत्राची परीक्षा लंडन धरून करू नका. टोकियो आणि लॉस एंजेलिससारखी, शून्यापासून दूर असलेली जोडी घ्या.

आणखी एक खूण : पृथ्वीचा अर्धा परीघ सुमारे २०,०१५ किलोमीटर आहे. जगातल्या कुठल्याही दोन जागांमधले सर्वांत कमी अंतर याहून जास्त असूच शकत नाही. २१,००० आले की समजा, चूक आहे.

संगणक हाताशी नसेल तर ३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल आणि दोरा पुरतो. दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा आणि पट्टीवर मोजा. एका सेंटिमीटरला ४२५ किलोमीटर. घरबसल्या एवढी अचूकता पुष्कळ झाली.

प्रश्न : सिडनी आणि सँटियागो जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. मग विमान सरळ पूर्वेला न जाता दक्षिणेकडे अंटार्क्टिकाच्या दिशेने का वळते?

ते वळत नाही. वळलेला आहे तो नकाशा. भिंतीवरच्या नकाशात गोल पृथ्वी ताणून चौकोनात बसवलेली असते, आणि ध्रुवांकडे हे ताणणे वाढत जाते. गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून कापल्यावर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते त्यावरून. विषुववृत्त सोडले तर इतर अक्षवृत्ते बृहद्वृत्ते नसतात.

ही जोडी उदाहरण म्हणून नामी आहे. दोन्ही शहरे ३३ ते ३४ दक्षिण अक्षांशावर, रेखांशांत सुमारे १३८ अंशांचा फरक. अक्षवृत्त धरून सरळ पूर्वेला गेले तर सुमारे १२,८०० किलोमीटर पडतात. बृहद्वृत्ताने ११,३५० च्या आत, म्हणजे जवळजवळ १,४५० किलोमीटर वाचतात. त्यासाठी मध्यावर ६२ अंश दक्षिणेपर्यंत उतरावे लागते. उत्तर गोलार्धात हाच प्रकार उलटा : टोकियोहून युरोपला किंवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला जाणारा मार्ग उत्तरेकडे फुगलेला दिसतो. शहरे विषुववृत्ताच्या जवळ असतील, किंवा एक बरोबर दुसरीच्या उत्तरेला असेल, तर हा फुगवटा जवळजवळ नसतो.

प्रश्न : अंतर कळले तर तास कसे काढायचे? विमानाचा वेग ९०० किलोमीटर धरून भागले तर उत्तर नेहमी कमी येते.

कमी येणारच, कारण ९०० हा फक्त वरचा वेग आहे. लांब पल्ल्याची बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० ही विमाने साधारण माक ०.८५ ने, म्हणजे ध्वनिवेगाच्या ८५ टक्क्यांनी उडतात. ११ किलोमीटर उंचीवर प्रमाण तापमान उणे ५६.५ अंश धरतात. त्या थंडीत ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटरपर्यंत उतरतो. त्याचे ८५ टक्के म्हणजे ९०३. ए३२० किंवा ७३७ यांसारखी लहान विमाने ०.७८ च्या आसपास, म्हणजे ८२८ ने जातात. हा वेग हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या नाही.

त्यात चढायला वीस-पंचवीस मिनिटे, उतरायला अर्धा तास, आणि हे दोन्ही कमी वेगात. शिवाय तिकिटावरची वेळ धावपट्टीपासून मोजतच नाहीत. विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटवर थांबेपर्यंतचा हा हिशेब असतो. या व्यवसायात त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत रांगेत सरकण्यातच वीस मिनिटे जातात.

ढोबळ नियम असा : किलोमीटरला ८५० ने भागा आणि ४० मिनिटे मिळवा. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे नियमित विनाथांबा उड्डाणांतले सर्वांत लांब अंतर, १५,३४९ किलोमीटर. नियमाने १८ तास ४३ मिनिटे येतात, आणि वेळापत्रकातली वेळही पावणेएकोणीस तासांच्या आसपासच असते. पर्थ ते लंडन १४,४९९ किलोमीटर : नियमाने पावणेअठरा, प्रत्यक्षात सव्वासतरा ते पावणेअठरा. पूर्व-पश्चिम मार्गावर मात्र हा नियम दोन्ही दिशांची सरासरीच देतो. हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला तो फारसा उपयोगाचा नाही, कारण तिथे चढ-उतारातच निम्मा वेळ जातो.

प्रश्न : पूर्वेकडे जाताना वेळ कमी लागतो तो पृथ्वी फिरते म्हणून का? मग जाण्यात वाचलेला वेळ येताना खर्च होऊन बरोबरी होते ना?

दोन्हींचे उत्तर नाही.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने. पण हवाही तिच्याबरोबर फिरते आणि विमान हवेत असते. तसे नसते तर जमिनीवर उभे राहणेही मुश्कील झाले असते. शिवाय जमीन खालून पूर्वेकडे सरकते असे मानले, तर फायदा पश्चिमेला जाणाऱ्याचा व्हायला हवा. होते नेमके उलटे.

फरक पडतो तो जेट प्रवाहांमुळे. मध्य अक्षांशांवर ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद पट्टे वाहतात. हिवाळ्यात त्यांचा वेग सहज ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातो. त्यांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, पण तेवढाच. फेब्रुवारी २०२० मध्ये कियारा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, पण हवेच्या तुलनेत ते ध्वनिवेगाच्या आतच होते. ध्वनिवेग खरोखर ओलांडणाऱ्या काँकॉर्डने हाच प्रवास १९९६ मध्ये २ तास ५३ मिनिटांत केला होता.

बरोबरीचे म्हणाल तर ५,४०० किलोमीटर अंतर, ९०० चा वेग आणि १०० चा वारा घ्या. वारा नसेल तर जाऊन-येऊन १२ तास. वारा असेल तर जाताना १,००० च्या वेगाने ५ तास २४ मिनिटे, येताना ८०० च्या वेगाने ६ तास ४५ मिनिटे. एकूण १२ तास ९ मिनिटे. वारा विरोधात असतो तेव्हा तो जास्त वेळ विरोधात असतो, म्हणून तोटा भरून निघत नाही. वारा दुप्पट झाला तर तोटा जवळजवळ चौपट होतो.

म्हणूनच अटलांटिकवरचे मार्ग रोज बदलतात. न्यूफाउंडलंडमधले गँडर आणि पलीकडचे शॅनविक ही नियंत्रण केंद्रे वाऱ्याचा अंदाज पाहून दिवसातून दोनदा मार्ग आखतात : दिवसा पश्चिमेला जाणाऱ्यांसाठी वारा टाळणारे, रात्री पूर्वेला जाणाऱ्यांसाठी वाऱ्यावर बसणारे. वाऱ्यासाठी मुद्दाम लांबचा रस्ता घेण्याचे ठळक उदाहरण दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्कोचे. सर्वांत जवळचा मार्ग सुमारे १२,४०० किलोमीटरचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, १५,३०० किलोमीटरच्या रस्त्याने विमान नेले. अटलांटिकवरच्या जुन्या रस्त्यापेक्षा हे हजारावर किलोमीटर जास्त, तरी पाठीवर वारा असल्यामुळे वेळ दोनेक तासांनी कमी.

प्रश्न : गणकयंत्रावरचे अंतर आणि विमानाने प्रत्यक्ष कापलेले अंतर यांत इतका फरक कसा पडतो?

थोडा फरक नेहमीचाच : निघताना वाऱ्याच्या उलट दिशेला उड्डाण, मग ठरलेल्या मार्गावर वळणे, उतरताना रांगेत घिरट्या, वाटेत वादळी ढग. मोठा फरक पडतो तो हवाई हद्दींमुळे.

हेलसिंकी ते टोकियो सुमारे ७,८५० किलोमीटर. रशियावरून हा प्रवास साडेनऊ-दहा तासांचा होता. २०२२ मध्ये रशियाची हद्द युरोपीय विमानांना बंद झाली आणि तोच प्रवास उत्तर ध्रुवाजवळून किंवा दक्षिणेकडून वळसा घालून १३ तासांच्या घरात गेला. शहरे जागची हलली नाहीत, अंतर तेच राहिले. हे पहिल्यांदा घडले असेही नाही. सोव्हिएत काळात युरोप-जपान विमाने अलास्कातल्या अँकरेजला थांबून, ध्रुवावरून जात. म्हणून जुन्या पुस्तकातली प्रवासवेळ आजच्या प्रवासाला लावू नये, आणि दोन वर्षांपूर्वीचीही तपासून घ्यावी.

दुसरे कारण जमीन. तिबेटच्या पठारावरून फार थोडे मार्ग जातात. केबिनमधला दाब गेला तर विमानाला दहा हजार फुटांपर्यंत लवकर उतरावे लागते, कारण प्रवाशांच्या मुखवट्यांतला प्राणवायू काही मिनिटांचाच असतो. खाली डोंगरच पंधरा हजार फुटांवर असतील तर उतरणार कुठे?

तिसरे कारण इंजिनांची संख्या. दोन इंजिनांच्या विमानाला, एक बंद पडले तर दुसऱ्यावर ठरावीक मिनिटांत कुठल्यातरी विमानतळावर पोहोचता येईल अशाच मार्गाने जावे लागते. एकेकाळी ही मर्यादा ६० मिनिटांची होती. १९८० च्या दशकात ती १२० आणि मग १८० झाली. ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंतची परवानगी मिळाली आहे. दक्षिणेकडच्या ओसाड समुद्रावरचे मार्ग दोन इंजिनांवर शक्य झाले ते या वाढीमुळे.

प्रश्न : टोकियोहून संध्याकाळी ५ ला निघालेले विमान त्याच दिवशी सकाळी १० ला लॉस एंजेलिसला पोहोचते असे तिकिटावर आहे. छपाईची चूक समजावी का?

चूक नाही. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या त्या ठिकाणच्या घड्याळाच्या असतात, म्हणून एकीतून दुसरी कधीही थेट वजा करू नका. दोन्ही आधी जागतिक वेळेत आणा. टोकियो ९ तास पुढे, म्हणजे ५ वाजता जागतिक वेळ सकाळी ८. लॉस एंजेलिस हिवाळ्यात ८ तास मागे, म्हणजे तिथल्या सकाळच्या १० ला जागतिक वेळ संध्याकाळी ६. प्रवास १० तासांचा. वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडल्यामुळे तारीख मागे येते. परतीला सकाळी साडेअकराला निघून १२ तासांनी उतराल तेव्हा टोकियोत दुसऱ्या दिवशीचे दुपारचे साडेचार वाजलेले असतील. वेळेपुढे छापलेले ‘+१’ हे बारीक अक्षर याचसाठी असते. हॉटेलचे आरक्षण चुकते ते इथेच.

उन्हाळी वेळेकडे विशेष लक्ष द्या. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक ५ ऐवजी ४ तासांचा असतो. ऑक्टोबरच्या शेवटीही आठवडाभर तसेच होते. जपान घड्याळ हलवतच नाही. सिडनी हलवते, पण तिथला उन्हाळा उलट्या महिन्यांत, त्यामुळे लंडन-सिडनी फरक कधी ९, कधी १०, कधी ११ तास. विमान कंपन्यांची वेळापत्रकेही मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. सहा महिने आधी काढलेले तिकीट तेव्हा पुन्हा पाहावे.

प्रश्न : विमान ३० मिनिटे उशिरा सुटले आणि तरी वेळेवर पोहोचले. वैमानिकाने वेग वाढवला असेल का?

थोडाफार वाढवला असेल, पण त्याने काही मिनिटेच मिळतात आणि इंधन बरेच जाते. बाकीची मिनिटे वेळापत्रकातच राखून ठेवलेली असतात. रांग, वारा, घिरट्या यांचा अंदाज धरून कंपन्या ब्लॉक टाइम थोडा सैल ठेवतात. त्या दिवशी तो खर्च झाला नाही, इतकेच.

प्रश्न : लंडन ते सिडनी एका थांब्याने जायचे आहे. थांबा कुठला निवडावा आणि मध्ये किती वेळ ठेवावा?

आधी दोन टप्प्यांची बेरीज करा आणि ती थेट अंतराशी ताडून पाहा. थेट अंतर १७,०१६ किलोमीटर. सिंगापूरमार्गे १०,८८७ अधिक ६,२९६, म्हणजे १७,१८३ : वळसा जेमतेम एक टक्का. लॉस एंजेलिसमार्गे ८,७८० अधिक १२,०५१, म्हणजे २०,८३१ : जवळजवळ ३,८०० किलोमीटर जास्त, साडेचार तास तरी वाढले. वळसा पाच टक्क्यांच्या आत असेल तर अंतराचा विचार सोडा आणि थांब्याच्या वेळेकडे पाहा.

वरचा नियम प्रत्येक टप्प्याला वेगळा लावा, कारण ती ४० मिनिटे प्रत्येक उड्डाणाला नव्याने लागतात. सिंगापूरमार्गे साडेतेरा अधिक आठ, म्हणजे साडेएकवीस तास विमानात. दोन तासांचा थांबा धरून साडेतेवीस. न थांबता हेच अंतर नोव्हेंबर २०१९ मध्ये क्वांटासच्या चाचणी उड्डाणाने १९ तास १९ मिनिटांत कापले होते, पण त्यात पन्नासेक माणसेच होती. इतके दूर जायचे तर इंधन वाहायलाही इंधन लागते आणि मग माणसे कमी करावी लागतात. न्यूयॉर्कला जाणारे सिंगापूरचे ए३५० सुद्धा याच कारणाने फक्त १६१ आसनांचे आहे.

थांब्याचा वेळ ठरवताना पहिला प्रश्न एकच : दोन्ही टप्पे एका तिकिटावर आहेत का? असतील तर विमानतळाने ठरवलेली किमान वेळ पाळूनच ती जोडी विकली जाते, सामान बहुधा पुढे परस्पर जाते, आणि पहिल्या विमानाच्या उशिरामुळे दुसरे चुकले तर पुढची सोय कंपनीने करायची असते. तरीही शेवटच्या काही मिनिटांवर जाऊ नका. गेट विमान सुटायच्या १५-२० मिनिटे आधी बंद होते, म्हणून तिकिटावरचे ७० मिनिटे हातात ५० च असतात.

वेगवेगळी तिकिटे असतील तर सामान घ्यायचे, बहुतेक ठिकाणी देशात प्रवेश करायचा, पुन्हा चेक-इन करायचे. आंतरराष्ट्रीय चेक-इन साधारण तासभर आधी बंद होते. इथे चार तासांपेक्षा कमी वेळ ठेवणे म्हणजे दुसऱ्या तिकिटावर पाणी सोडायची तयारी ठेवणे. त्या देशाचा व्हिसा लागतो का, हेही आधी पाहा. अमेरिकेतून नुसते पुढे जायचे असले तरी बहुतेक वेळा पहिल्या विमानतळावरच तपासणी होते आणि सामान तिथे उचलून पुन्हा द्यावे लागते. आणि तिकिटावर ‘थेट’ लिहिले असले तरी ‘विनाथांबा’ आहे का ते वेगळे विचारा. एकच उड्डाणक्रमांक ठेवून मध्ये तास-दीड तास थांबणारी विमानेही ‘थेट’ म्हणूनच विकली जातात.